आवडता के-पॉप ग्रुप एजन्सी सोडतो, तेव्हा घरच्यांनी काय पाहावं

ग्रुप ‘स्वतंत्र झाला’, म्हणजे त्याला करारावर ठेवणाऱ्या कंपनीतून (एजन्सीतून) बाहेर पडला, की लेक आनंदात असते, आणि आठवड्याभरात नवा फॅन क्लब, नवी लाइटस्टिक (कार्यक्रमात हलवायची ग्रुपची दिव्याची काठी), नवा अल्बम अशी यादी येते. तिच्या आनंदावर विरजण घालू नका. नेमकं काय सुटलं आणि काय एजन्सीकडेच राहिलं, ते तिच्याबरोबर बसून बघा.

आधी कराराची वर्षं मोजा. 2009 मध्ये टीव्हीएक्सक्यू या ग्रुपच्या तिघांनी एजन्सीशी असलेल्या 13 वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्याच वर्षी कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने (बाजारातल्या व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नमुना करार आणला, तेव्हापासून सात वर्षांच्या कराराचा प्रघात पडला. पदार्पणाच्या वर्षात सात मिळवा, बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. त्याआधी नुसतं ‘निघालो’ म्हणून भागत नाही. न्यूजीन्स या ग्रुपने नोव्हेंबर 2024 मध्ये तसं जाहीर केलं; ऑक्टोबर 2025 मध्ये कोर्टाने करार वैध ठरवला. खटला चालू असताना नव्या नावाच्या वस्तूंवर पैसे घालू नका.

मग नाव. बीस्ट या ग्रुपच्या सदस्यांनी 2016 मध्ये क्यूब ही एजन्सी सोडून स्वतःची कंपनी काढली, पण ट्रेडमार्क क्यूबचा होता. 2017 मध्ये त्यांना हायलाइट म्हणून नव्याने उभं राहावं लागलं, आणि जुनं नाव वापरायची मुभा मिळायला 2024 उजाडलं. गॉटसेव्हन या ग्रुपचे सातही जण जानेवारी 2021 मध्ये जेवायपी या एजन्सीतून बाहेर पडले. त्यांना नावाचे हक्क मिळाले, म्हणून मे 2022 मध्ये ते त्याच नावाने परतू शकले. आमच्या मते खरं स्वातंत्र्य इथे कळतं, मुलाखतींत नाही.

गाण्यांचं गणित वेगळं. अल्बम उलटा करा, तळाशी बारीक अक्षरात वर्तुळातल्या पी-पुढे कंपनीचं नाव दिसेल. रेकॉर्डिंग तिचं, आणि सदस्य गेल्यावरही सहसा तिचंच राहतं. आता आतली पुस्तिका उघडा. कोरियनमध्ये ‘जाक्सा’ म्हणजे शब्द, ‘जाक्गोक’ म्हणजे चाल, ‘प्यॉन्गोक’ म्हणजे संगीत संयोजन. तिथे सदस्याचं नाव असेल, तर जुन्या गाण्याची लेखन-रॉयल्टी एजन्सी सोडल्यावरही त्याला मिळू शकते. म्हणून तर स्वतः गाणी लिहिणाऱ्या सदस्यांचं पारडं वाटाघाटीत जड असतं. लेकीला हे शोधायला लावा, तिला मजा येईल.

पैसे अडकतात ते मुख्यतः सबस्क्रिप्शनमध्ये. फॅन क्लबचं सदस्यत्व नव्या कंपनीत आपोआप जाईल असं धरून चालू नका. बबलसारख्या, कलाकारांचे मेसेज मिळणाऱ्या अ‍ॅपवर दरमहा पैसे जातात, आणि अ‍ॅप काढून टाकलं तरी ते जात राहतात. आयफोनवर सेटिंग्जमध्ये नावावर टॅप करून सबस्क्रिप्शन्स उघडा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स. तिथून रद्द करा.

नव्या अल्बमची आगाऊ नोंदणी सदस्यांच्या स्वतःच्या जुन्या खात्यांवर बातमी आल्यावरच करा. पार्सल कोरियाहून येणार असेल तर टपालखर्च आणि कस्टम धरून किंमत काढा. आजी-आजोबांनी वाढदिवसाला पाठवलेल्या पैशांत ते बसतं का, हा हिशेब लेकीलाच करू द्या.