ज्वारीतील टारफुला उपटूनही का हटत नाही?

प्रश्न : आमच्या हलक्या, मुरमाड रानात आम्ही खरिपात सलग ज्वारी घेतो. पीक वाढीला लागले की ताटांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांची वीतभर रोपे दिसतात आणि जमिनीत ओल असूनही ज्वारी सुकू लागते. दरवर्षी हा टारफुला (ज्वारीच्या मुळांवर जगणारे परजीवी तण) उपटतो, तरी तो वाढतच आहे. उपाय काय?
— एक वाचक, ता. जत, जि. सांगली

उत्तर : आपले उपटणे वाया जात नाही; मात्र त्याचा लाभ यंदाच्या पिकाला फारसा होत नाही, कारण टारफुला जमिनीवर दिसतो तोवर त्याने बरेचसे नुकसान करून ठेवलेले असते. एखादे ताट मातीच्या गड्ड्यासह हलक्या हाताने काढून पाण्यात धुवा, म्हणजे ज्वारीच्या मुळीला चिकटलेले त्याचे पांढुरके कोंब दिसतील. तेथूनच तो पाणी आणि अन्न ओढतो.

खरी लढाई बियांशी आहे. एका झाडापासून हजारो बिया पडतात, त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि दहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत जिवंत राहू शकतात. यजमान पिकाच्या, म्हणजे ज्यावर टारफुला पोसतो त्या पिकाच्या, मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागल्यावरच त्या उगवतात, आणि नत्र-स्फुरदाची उणीव असलेल्या जमिनीत ही द्रव्ये अधिक पाझरतात. म्हणून शेणखत व माती परीक्षणानुसार खत देणे हाही टारफुल्यावरचाच उपाय आहे.

सर्वांत भरवशाचा मार्ग फेरपालटाचा. कापूस, भुईमूग, चवळी किंवा सूर्यफूल यांच्या मुळांमुळे टारफुल्याचे बी फसून उगवते, पण त्यांच्यावर जगू न शकल्याने मरते. एका हंगामाने भागणार नाही. जमिनीतील साठा मोठा असेल तर दोन-तीन वर्षे ज्वारी टाळावी लागेल. लहान शेतकऱ्याला घरची भाकरी आणि कडबा सोडणे किती जड जाते याची आम्हाला जाणीव आहे, म्हणून निदान सर्वाधिक बाधित तुकड्यापासून सुरुवात करा. ज्वारीऐवजी बाजरी, मका किंवा ऊस घेऊन मात्र उपयोग नाही, कारण टारफुला त्यांच्यावरही पोसतो.

टू-फोर-डी हे तणनाशक फवारता येते, परंतु शेजारच्या कापसाला किंवा आंतरपिकातील तुरीला त्याचा वारा लागला तरी इजा होते; त्यामुळे लहान, मिश्र पिकांच्या रानात आम्ही ते सुचवत नाही. उपटणी फुले येण्यापूर्वी करा आणि कापणीनंतरही चालू ठेवा. फुलोऱ्यातील झाडे बांधावर किंवा उकिरड्यात न टाकता जाळा, जनावरांनाही घालू नका, आणि बाधित रानातला नांगर दुसऱ्या रानात नेण्यापूर्वी त्याची माती खरवडून काढा.