पाखंडी नक्की कोण?

प्रश्न : आमची आजी देव न मानणाऱ्याला 'पाखंडी' म्हणायची. हिंदी बातम्यांत मात्र ढोंगी बाबांना पाखंडी म्हणतात. खरा अर्थ कोणता? आणि 'पा' म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करणारा तो पाखंडी, ही फोड बरोबर आहे का?

उत्तर : आधी फोड निकालात काढतो. ती जुनी आहे, तिच्यासाठी संस्कृत श्लोकही आहे, पण बेतलेली आहे ती मागाहून. मूळ शब्दात 'खंड' नाहीच. संस्कृत रूप 'पाषण्ड'. त्यातल्या 'ष'चा 'ख' झाला. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या लोकांचं पुरुषसूक्त ऐका, 'सहस्रशीर्षा पुरुषः' हे 'सहस्रशीर्खा पुरुखः' असंच कानावर येईल. एकदा 'ख' आला की 'खंड' दिसणार, आणि तो दिसला की कुणीतरी श्लोक रचणारच!

अर्थाची गोष्ट जास्त गमतीची. विद्यार्थी असताना गिरनारच्या खडकावर कोरलेल्या अशोकाच्या लेखांचा ठसा भिंग लावून वाचत होतो. या लेखांच्या ब्राह्मी लिपीत अनुस्वार म्हणजे अक्षराशेजारचा ठिपका. तो मला दगडाचा टवका वाटला आणि मी 'पासडा' वाचलं. सरांनी ठिपक्यावर पेन्सिल टेकवली : 'पासंडा', म्हणजे 'पाषण्ड'चंच प्राकृत रूप. वाचन सुधारलं, पण अर्थ लागेना. सातव्या लेखात राजा म्हणतो, सगळे पासंड सगळीकडे राहोत. पाखंड्यांसाठी एवढी माया? उलगडा बाराव्या लेखात झाला. तिथे 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' असे शब्द आहेत, म्हणजे आपला पासंड आणि दुसऱ्याचा पासंड. आज 'माझं पाखंड' असं कोण म्हणेल? इ. स. पू. ३ऱ्या शतकात पासंड म्हणजे नुसता पंथ होता, शिवी नव्हती.

पुढे 'आपला' गळाला, 'दुसऱ्याचा' तेवढा उरला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाषण्डींचा शब्दानेही सत्कार करू नये असं सांगितलंय, आणि त्याच श्लोकात त्यांच्या पंगतीला 'बैडालव्रतिक' व 'बकवृत्ति' बसवलेत, म्हणजे मांजरासारखं व्रत पाळणारे आणि बगळ्यासारखे ध्यान लावणारे. ढोंगीपणाचा रंग या संगतीतूनच लागला असावा, असं माझं मत.

तेव्हा आजी चुकली नाही, बातमीवालेही नाहीत. मी स्वतः मराठी लिहिताना आजीच्या बाजूचा. ढोंग्याला 'ढोंगी' म्हटलं की काम भागतं.