गरम धातूची फटीग टेस्ट (लोड पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून नमुना किती सायकल टिकतो ते पाहणं) हवेत आणि व्हॅक्यूममध्ये केली तर नमुन्याच्या आयुष्यात एवढा फरक का पडतो?

ऑक्सिजनमुळे. एवढं एक वाक्य मान्य करून घ्यायला मला आमच्या लॅबमध्ये बरंच भांडावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

धातू इन्कोनेल ७१८ (निकेलचा उष्णतारोधक मिश्रधातू), तापमान ६५० अंश सेल्सिअस. सायकल भराभर दिल्या की नमुना बरा टिकायचा. तेच प्रत्येक सायकलमध्ये कमाल लोडवर थोडं थांबलं की तडा सुसाट पळायचा. आमचे वरिष्ठ ठाम होते : वेळ वाढला, नुकसान वाढलं, म्हणजे क्रीप (उष्णतेत लोडखाली धातू हळूहळू ताणला जाणं), विषय संपला. मी तुटलेला पृष्ठभाग एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहिला. तडा धातूचे स्फटिक-दाणे चिरून गेलाच नव्हता, ग्रेन बाउंड्री (दाण्यांमधली सीमा) धरून एकेक दाणा सुटा करत गेला होता. दाण्यांचे सपाट पैलू आणि टोकदार कोपरे जसेच्या तसे.

मग लोड, तापमान, थांबा सगळं तेच ठेवून चेंबर निर्वात केला. तडा एकदम मंदावला आणि बहुतेक ठिकाणी दाण्यांच्या आरपार गेला. क्रीपला हवा लागत नाही. निव्वळ क्रीप असता तर इथेही तेवढाच पळाला असता. यावर साहेब म्हणाले, ‘सील गळत असेल.’ अहो, सील गळली असती तर ऑक्सिजन आत येऊन तडा उलट जास्त पळाला असता!

फटीगचे संशोधक कॉफिन यांनी १९७० च्या दशकातच ए-२८६ या लोह-आधारित मिश्रधातूवर ५९३ अंशांना हे दाखवलंय. हवेत सायकल सावकाश दिल्या की आयुष्य घटतं. चांगल्या व्हॅक्यूममध्ये हा परिणाम जवळपास नाहीसा होतो. दर सायकलला तड्याच्या टोकाशी ताजा धातू उघडा पडतो, ऑक्सिजन तिथून बाउंड्रीत शिरतो आणि ती ठिसूळ करतो. थांबा म्हणजे त्याला दिलेली सवड.

त्यामुळे व्हॅक्यूम टेस्ट ज्यांना उधळपट्टी वाटते, त्यांनी अहवालात ‘क्रीप’ हे कारण छातीठोकपणे लिहू नये.

अर्थात तापमान आणखी चढलं, थांबे लांबले की क्रीपही खरोखर येतो. थ्रेशोल्डजवळ (ज्याच्या खाली तडा वाढतच नाही त्या मर्यादेजवळ) तर कधी ऑक्साइडच तड्यात दाटून त्याचं तोंड मिटवतो आणि हवेतला तडा हळू चालतो. आणि धातूच्या पोटात इन्क्लुजनपाशी (अडकलेल्या परक्या कणापाशी) सुरू झालेला तडा पृष्ठभाग फोडेपर्यंत जवळजवळ व्हॅक्यूममध्येच वाढतो. त्याच्या हिशेबात तोवर हवेतला वेग धरू नका.