शुभेच्छांचे बॅनर पुरे, भाजणीचं बोला

वाचकांचे प्रश्न : छोटा धंदा आणि सोशल मीडिया

प्रश्न : नमस्कार ताई. मी कर्वेनगरला राहते, घरून भाजणी, मेतकूट, उपवासाची भाजणी आणि दिवाळीत फराळ असं करते. भाच्याने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलंय, लोगो वगैरे छान केलाय. रोज काहीतरी टाकते, सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, पाकिटांचे फोटो. लाइक येतात ते सगळे नात्यातले, ऑर्डरी मात्र अजून बिल्डिंगमधल्या ओळखीवरच चालू आहेत. रोज नवीन काय टाकायचं तेच सुचत नाही. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : काकू, पहिलं म्हणजे ते रोज टाकणं आजपासून बंद करा. खरंच. आठवड्याला दोनच टाका, पण बघणाऱ्याला त्यातून काहीतरी कळलं पाहिजे. पाडव्याच्या शुभेच्छा त्याला तुमच्या आधी बँकेने, नगरसेवकाने आणि सोसायटीच्या अख्ख्या ग्रुपने दिलेल्या असतात, तुमचा बॅनर आला की अंगठा आपोआप वर सरकतो.

आता सुचत नाही याचं. तुम्हाला सुचायची गरजच नाहीये, गिऱ्हाईक रोज विषय देतंय. व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या दिवाळीपासून लोकांनी काय काय विचारलंय ते एका वहीत उतरवून काढा. थालीपीठ थापताना चिरतं, काय करू? भाजणी फ्रीजमध्ये ठेवू का बाहेर? उपवासाच्या भाजणीत नक्की काय काय घालता, आमच्या सासूबाईंना धने चालत नाहीत. मुलगा अमेरिकेला चाललाय, किती दिवस टिकेल? यातल्या एकेका प्रश्नाची एकेक रील होते, आणि उत्तर तुम्हाला पाठ आहे, इतकी वर्षं फोनवर तेच तर सांगताय.

चकलीच्या भाजणीचंच घ्या. नवरात्र संपायच्या आत एक रील अशी करा की चकली तेलात का विरघळते आणि कडक का होते, म्हणजे मोहन जास्त झालं की काय होतं आणि कमी पडलं की काय, दोन्ही चकल्या शेजारी शेजारी ठेवून मोडून दाखवा. जिची मागच्या दिवाळीत फजिती झालीये ती हे सेव्ह करणार आणि बहिणीला पाठवणार. हे पाठवणं लाइकपेक्षा कामाचं आहे बरं का. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की व्हिडिओ किती वेळ बघितला, किती लाइक आले आणि किती जणांनी पुढे पाठवला या तीन गोष्टी सगळ्यात जास्त धरतात, आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोचायचं असेल तर त्यातही पाठवण्याला वजन जास्त. तुमच्या नात्यातले लाइक करतात पण पुढे कोणाला पाठवत नाहीत, कारण शुभेच्छांचा बॅनर पाठवायचा कोणाला.

गुपित सांगून टाकलं तर लोक घरीच करतील ही भीती मनात असेल तर ती काढून टाका. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे, प्रत्येक गोष्ट वेगळी भाजावी लागते कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो, एकत्र टाकलं तर एक करपतं आणि एक कच्चं राहतं, हे सगळं कढईसकट दाखवा, मग गिरणीतून दळून आणतानाचं दाखवा. हिंजवडीहून रात्री आठला घरी येणारी बाई ते बघून स्वतः भाजायला बसणार नाहीये, ती म्हणणार एवढा कुटाणा असतो होय, मग काकूंकडूनच घेऊ.

कधी काय टाकायचं याचं कॅलेंडर तर आपल्या स्वयंपाकघरात आयतंच आहे. आषाढी, श्रावण आणि नवरात्राच्या आधी उपवासाची भाजणी, पाऊस लागला की मऊ भात आणि मेतकूट, दिवाळीच्या आधी फराळ. फक्त सणाच्या दिवशी टाकू नका, त्या दिवशी सगळ्यांचा फराळ करून झालेला असतो. परदेशी पार्सल पाठवणारे तर दसऱ्याच्याही आधी विचारायला लागतात.

शूटिंगचं थोडक्यात. खिडकीजवळ उजेडात, मोबाईल उभा धरून, आणि आधी कॅमेऱ्याची काच पुसा, तेलाच्या हातांनी ती धूसर झालेली असते आणि मग लोक म्हणतात मोबाईल चांगला नाही. "नमस्कार, आज आपण पाहणार आहोत" कापून टाका, सुरुवातच चकली मोडण्यापासून. चेहरा नको वाटत असेल तर नुसते हात दिसले तरी चालतात, पण आवाज तुमचाच ठेवा. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात म्हणून दोन ओळी मराठीत स्क्रीनवर लिहा, अगदी खाली नको, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात. हॅशटॅगची माळ लावत बसू नका, त्याने फारसा फरक पडत नाही.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या धंद्याला इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सॲप बिझनेस जास्त देईल. २०१८ पासून आहे, फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो (एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात), पण एक मेख आहे, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा की नंबर सेव्ह करा, नवीन घाण्याची तारीख कळवू. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घालू नका, आपल्याकडे लोक तोंडावर काही म्हणत नाहीत पण गुपचूप म्यूट करतात. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी नंबर इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये (पेजवर नावाखालच्या ओळींत) टाका, घरगुती असलं तरी नोंदणी लागतेच, आणि अनोळखी माणसाचा विश्वास लोगोपेक्षा त्या नंबरवर जास्त बसतो.

प्रश्न : सिंहगड रोडला माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. फोटो टाकले की खाली सगळ्या "किंमत?" विचारतात. किंमत उघड लिहावी का इनबॉक्समध्ये सांगावी? आणि डिझाइन कॉपी होण्याची भीती वाटते.

उत्तर : ताई, उघड लिहा. एक आकडा द्यायचा नसेल तर साधा ब्लाउज एवढ्यापासून, अस्तराचा एवढ्यापासून असं लिहा. "किंमत इनबॉक्समध्ये" म्हटलं की निम्म्या बायका समजतात की माणूस बघून भाव सांगणार, आणि पुण्यात हा संशय एकदा आला की मिटत नाही. ज्यांना परवडत नाही त्या आधीच गळतील, तुमचा उत्तरं टाइप करायचा वेळ वाचेल.

डिझाइनचं म्हणाल तर ते तुम्ही न टाकताही तुळशीबागेत आठवड्याभरात लटकलेलं दिसेल. फिटिंग कोणाला कॉपी करता येत नाही, म्हणून ते दाखवा. रेडिमेड ब्लाउज खांद्यावरून उतरत होता आणि तुम्ही तो कसा बसवून दिला, आधीचा आणि नंतरचा फोटो. मात्र गिऱ्हाइकाचा फोटो टाकताना विचारूनच, नवरीचा तर लग्न होऊन गेल्यावरच, नाहीतर साडीआधी ब्लाउज नणंदेने इन्स्टावर बघितलेला असतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

प्रश्न : आमचं नाना पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनंतर मी बघतो. एक जण म्हणतोय महिन्याला ठरावीक पैसे द्या, दहा हजार फॉलोअर करून देतो, ट्रेंडिंग गाण्यांवर रील पण बनवतो. घ्यावं का?

उत्तर : नाही. मित्रा, विकत घेतलेले फॉलोअर कुठल्या गावचे, माणसं आहेत का नुसतीच अकाउंट आहेत हे तुलाही कळणार नाही, आणि त्यातला एकही पंक्चर काढायला नाना पेठेत येणार नाही. वर नुकसानच, कारण तू टाकलेलं ते बघत नाहीत आणि इन्स्टाग्रामला वाटतं की तुझ्या पोस्ट कोणालाच आवडत नाहीत. शिवाय नियमात हे बसत नाही, खोटी अकाउंट ते काढूनही टाकतात.

गाण्यांचं म्हणशील तर बिझनेस अकाउंटला सगळी गाणी मिळतच नाहीत, धंद्याच्या जाहिरातीसाठी त्यांचं लायसन नसतं. तुझ्या दुकानात आवाज काय कमी आहेत, घंटी, हवा भरायचा पंप, फ्रीव्हीलची टिकटिक, चेनला तेल घालायच्या आधीचा आणि नंतरचा आवाज. एवढ्यावर लोक बघत बसतील.

ते महिन्याचे पैसे वाचव आणि गूगलवर दुकानाचं प्रोफाइल नीट भर, त्याला पैसे पडत नाहीत. सायकल बिघडलेला माणूस इन्स्टाग्राम उघडत नाही, तो "जवळचं सायकल दुकान" शोधतो. फोटो, नंबर, वेळा सगळं खरं टाक, दुपारी एक ते चार बंद असेल तर तेही टाक, उन्हात सायकल ढकलत आलेल्या माणसाला शटर दिसलं की एक स्टार पडलाच म्हणून समज. रिव्ह्यू माग, पण त्या बदल्यात डिस्काउंट देऊ नको, गूगलला ते चालत नाही.

प्रश्न : वाकडला मिसळीचं हॉटेल आहे. एक फूड ब्लॉगर चार मित्रांना घेऊन येतो म्हणतोय, खाणं फुकट आणि वर पैसे, याला कोलॅब म्हणतात म्हणे.

उत्तर : आधी त्याच्या इनसाइट्सचा, म्हणजे इन्स्टाग्राम त्याला दाखवतं त्या आकडेवारीचा, स्क्रीन रेकॉर्ड मागा, त्यात फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत ते दिसतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वर नसेल तर चहा पाजून पाठवून द्या. तिथे जमलं तर मग त्याच्या जुन्या व्हिडिओंखालच्या कमेंट वाचा, लोक पत्ता आणि वेळ विचारतायत का नुसते बदाम टाकतायत. पैसे किंवा फुकट खाणं दिलं तर व्हिडिओवर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायला लावा, जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेची, म्हणजे एएससीआयची तशी नियमावली २०२१ पासून आहे. चार मित्रांचं बिल आधीच बोलून घ्या. आणि जादा पाव आणि रश्श्याचे पैसे वेगळे लावत असाल तर ते व्हिडिओतच सांगायला लावा, नाहीतर खाली कमेंटमध्ये मिसळीवर कोणी बोलणार नाही, सगळं भांडण पावावरच होईल.