छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झालेल्या खेळाडूने सोमवारपासून करायचं काय?

‘मॅडम, खेळ सुटल्यापासून ह्यांचं कशातच लक्ष नाही.’ समुपदेशक म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या खेळाडूंच्या घरून हे वाक्य मी सारखं ऐकते. कबड्डी असो, खो-खो असो की बास्केटबॉल. चाळिशीच्या आत निवृत्त झालेला माणूस घरात असला की घरच्यांना एकच धास्ती असते: आता ह्याचं पुढे कसं व्हायचं?

नेरुळच्या एका बास्केटबॉलपटूचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय 36, पॉइंट गार्ड म्हणजे संघाचा डाव रचणारा, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला, क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेला. आपल्याकडे बास्केटबॉलची लीग फार काळ टिकली नाही, त्यामुळे ‘व्यावसायिक’ खेळाडू म्हणजे बहुधा रेल्वे, बँक, पोलीस किंवा ओएनजीसीच्या संघातला नोकरदार. शिबिरं आणि स्पर्धांमध्ये वर्ष जातं, टेबलाशी संबंध फारसा येत नाही. गुडघ्याने साथ सोडली, संघातून नाव गेलं आणि ह्याची दहा ते सहा खुर्ची सुरू झाली.

‘टाळ्यांची आठवण येते का?’

‘टाळ्यांचं सोडा मॅडम. ऑफिसात नवी पोरं मला सर म्हणतात आणि मला एक टिपणी धड लिहिता येत नाही. साहेब लाल पेनने अख्खा कागद रंगवून परत पाठवतात. पगार सिनियरचा, अक्कल नवख्याची. मी संपलोय.’

त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि त्याचा सगळ्यात हुकमी डाव काढून दाखवायला सांगितलं. तोवर खुर्चीत खचून बसलेला माणूस पुढे सरकला. त्याने अर्धं कोर्ट काढलं, रिंग, डिफेंडरची वाट अडवणारा म्हणजेच स्क्रीन लावणारा उंच खेळाडू, स्वतः. ‘हा पिक अँड रोल. माझा डिफेंडर स्क्रीनच्या खालून गेला तर मी तिथूनच शॉट घेतो. वरून मागे लागला तर आत ड्राइव्ह. दोघांनी माणसं बदलली, तर आमच्या उंच खेळाडूवर त्यांचा बुटका येतो, मग बॉल त्याला. शॉट घ्यायला शॉट क्लॉकचे 24 सेकंद, त्यात हे सगळं बघायचं.’

‘हे बघायला कधी जमलं?’

‘नीट? सत्ताविसाव्या वर्षी.’

‘आणि त्याआधी?’

‘बॉल घालवायचो. कोच ओरडायचे.’

‘तेव्हा स्वतःला संपलेला म्हणायचात?’

‘नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला जायचो.’

‘मग टिपणीला किती वर्षं दिलीत?’

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘तीन महिने पण नाही झाले.’

हा प्रश्न मी हाताशी ठेवलेला असतो, आणि तो वर्मी लागतो. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची आहे: गुण कामाला द्यायचे, माणसाला नाहीत. खेळाडूंना हे नव्याने शिकवावं लागत नाही. चुकत राहून शिकण्याची जी सहनशक्ती त्यांनी वर्षानुवर्षं कमावलेली असते, तिचा हक्क ते मैदानाबाहेर स्वतःला देत नाहीत, एवढंच. चीनचा बास्केटबॉलपटू याओ मिंग पायाच्या दुखापतींमुळे 2011 मध्ये तिशीत निवृत्त झाला आणि शांघायच्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. पदवी मिळाली 2018 मध्ये.

त्यानंतरचं काम साधं होतं, पण ते रोजच्या रोज करायचं होतं. दिवसाला एकच टिपणी स्वतः लिहायची, त्याच विषयाची जुनी फाइल शेजारी उघडून; दुरुस्त झालेला कागद वहीत चिकटवायचा. पंधरवड्याने वही उलटी चाळली की कुठली चूक पुन्हा होते ते कळतं.

सरावाची संध्याकाळ मोकळी सोडू नका. नेमकी त्याच वेळी घरात भांडणं होतात, कारण शरीर त्या वेळेला तयार होऊन बसलेलं असतं. फिजिओच्या सल्ल्याने पायाच्या ताकदीचे व्यायाम, पोहणं, सायकल चालू ठेवा. उड्या तो हो म्हणेपर्यंत बंद. 90 किलोच्या खेळाडूचे दोन तासांच्या जोरदार सरावात हजाराच्या वर कॅलरी जातात, म्हणजे अंदाजे दहा पोळ्या. सराव थांबतो, भूक मात्र थांबत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच रात्रीची एकेक पोळी आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात कमी करत जा.

पीएफ काढून लगेच अकादमी काढू नका, हे मी प्रत्येकाला बजावते. मैदानाचं भाडं बारा महिने असतं. मुलं परीक्षांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात गळतात. शिवाय मोठ्यांचा डाव दहा वर्षांच्या मुलांना शिकवता येत नाही, ते वेगळं शिक्षण आहे. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्यासाठीच करायचा. त्याआधी सामन्यांत टेबलावर बसा: गुणलेखक, त्याचा सहायक, टायमर, शॉट क्लॉक चालवणारा. गुडघ्याला ताण नाही, नियम पक्के होतात आणि पुढे पंच व्हायचं असेल तर पाया तयार होतो. आमच्या पॉइंट गार्डने शॉट क्लॉक घेतलं.

घरच्यांनी ‘आता तरी घरात लक्ष द्या’ हे वाक्य काही महिने बाजूला ठेवावं. आणि दोन आठवडे झोप लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर समुपदेशनावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत हेल्पलाइन रात्रीही सुरू असते.