जर्मनीत सरकार चर्चसाठी कर का कापतं? हा हिटलरचा कायदा आहे ना?

नाही, हिटलरचा नाही. हिटलर सरकारने 1933 मध्ये व्हॅटिकनशी केलेल्या कराराचा दाखला देऊन हे दर दोन महिन्यांनी कुणीतरी ठोकून देतं, आणि खाली माना डोलावणारेही भेटतात. त्या कराराच्या आधीच, जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेच्या कलम 137 मध्ये चर्चला कर लावायचा हक्क लिहिलेला आहे. 1949 च्या घटनेने कलम 140 मधून तो तसाच पुढे घेतला. आणि काही जर्मन संस्थानांत हा कर 19व्या शतकातच सुरू झाला होता.

मूळ 1803 मध्ये. ऱ्हाइनचा डावा काठ फ्रान्सने गिळला, जमीन गमावलेल्या राजांची भरपाई चर्चच्या इस्टेटी वाटून झाली. चर्चचा खर्च राज्यांच्या गळ्यात पडला. पुढे तो झेपेना, तेव्हा राज्यांनी हात झटकले: तुमच्या सभासदांकडून घ्या. (त्या इस्टेटींचा मोबदला वेगळाच, तो आजही सरकारी तिजोरीतून जातो, म्हणजे चर्चशी संबंध नसलेल्यांच्याही करातून. 1919 च्या घटनेने तो एकदाचा फेडून टाकायला सांगितलं होतं. अजून फिटतोय.)

कर उत्पन्नावर नाही, आयकरावर लागतो: बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत 8 टक्के, बाकीकडे 9. वर्षाचा आयकर 8,000 युरो असेल तर 640 किंवा 720. पगारपत्रकावर 'आर-के' म्हणजे रोमन कॅथलिक, 'ई-व्ही' म्हणजे प्रोटेस्टंट, नुसत्या रेघा म्हणजे कर नाही.

वसई-गोव्याहून गेलेल्या कॅथलिकांना 'पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात काहीच लिहू नका' असा शहाणपणा शिकवला जातो. भिकार सल्ला. कर बाप्तिस्म्याला चिकटलेला आहे, रकान्याला नाही. पुढे कधी उघड झालं तर मागची थकबाकी निघू शकते. कर नको असेल तर चर्चमधून रीतसर बाहेर पडा. चॅन्सेलर बिस्मार्कचं कॅथलिक चर्चशी ऐन भांडण चालू असताना प्रशियाने (तेव्हाचं सर्वांत मोठं जर्मन राज्य) 1873 मध्ये कायदा केला: न्यायाधीशासमोर स्वतः जाऊन सांगायचं. म्हणूनच बर्लिन आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये आजही त्यासाठी स्थानिक कोर्टात जावं लागतं. बायर्नमध्ये जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात. पासपोर्ट आणि पत्त्याचा दाखला न्या, साधारण 30 युरो फी.

फुकटात सुटका नाही, हेही सांगतो. जर्मन कॅथलिक बिशपांच्या 2012 च्या फर्मानानुसार बाहेर पडलेल्याला कम्युनियन (मिस्सेतला प्रसाद) नाही, बाप्तिस्म्यात कुणाचा गॉडफादर (धर्मपिता) होता येत नाही. आणि बाहेर पडल्याचा दाखला फेकू नका. घर बदलल्यावर दहा वर्षांनीही विचारतात, आणि तो नसेल तर सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.