प्रेसिडिओ : तुरुंग, किल्ला की ठाणे?

अठराव्या शतकातील स्पॅनिश अमेरिकेविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘प्रेसिडिओ’साठी ‘तुरुंग’ लिहावे की ‘किल्ला’, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही नकोत, ‘ठाणे’ हवे.

आजच्या स्पॅनिशमध्ये प्रेसिडिओ म्हणजे तुरुंगच, त्यामुळे हा गोंधळ स्वाभाविक आहे. परंतु मूळ लॅटिन ‘प्रेसिडियम’चा अर्थ संरक्षण, आणि त्यासाठी ठेवलेली शिबंदी. सेउता, मेलिया यांसारख्या उत्तर आफ्रिकेतील स्पॅनिश ठाण्यांवर गुन्हेगारांना शिक्षा म्हणून धाडले जात असे. त्यातून कैदेचा अर्थ शब्दाला चिकटला. न्यू स्पेनच्या, म्हणजे मेक्सिको केंद्र असलेल्या स्पॅनिश वसाहतीच्या, त्या वेळच्या उत्तर सीमेवर मात्र जुना लष्करी अर्थच चालू होता.

‘किल्ला’ का नको, हे तिथल्या सुधारणा पाहिल्या की स्पष्ट होते. मार्केस दे रुबी या स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्याने १७६६ ते १७६८ या काळात त्या सीमेची पाहणी केली आणि तिच्या आधारे १७७२चे नियम निघाले. कॅलिफोर्नियाच्या आखातापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पंधरा प्रेसिडिओंची रांग उभी करायची, म्हणून काही मोडायचे आणि काही हलवायचे ठरले. ह्यूगो ओकोनोर या स्पॅनिश सेवेतील अधिकाऱ्याने १७७५मध्ये टुबाकच्या प्रेसिडिओसाठी टूसॉनची जागा निवडली (दोन्ही गावे आज अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात आहेत). बांधकाम होते तिथेच राहिले. हलली ती सैनिकांची तुकडी. मराठीत ठाणे बसवतात आणि उठवतातही. किल्ल्याबाबत आपण असे बोलत नाही. ‘टुबाकचे ठाणे उठवून टूसॉनला बसवले’ हे वाक्य म्हणूनच इतके सहज उतरते.

‘छावणी’ हा पर्यायही सुचवला गेला आहे. पण छावणी हा शब्द छावण्यावरून, म्हणजे शाकारण्यावरून, आलेला. त्यात पावसाळ्यापुरत्या मुक्कामाची छटा आहे. प्रेसिडिओत सैनिकांची बायकामुले राहत आणि भोवती शेती करणाऱ्यांची वस्ती वाढे.

‘ठाणे’ म्हटले की आजच्या वाचकाला आधी पोलीस आठवतील, ही अडचण खरी आहे. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘लष्करी ठाणे (प्रेसिडिओ)’ लिहावे आणि पुढे नुसते ‘ठाणे’. त्याच मजकुरात १७७६मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोविन्सियास इंतेर्नास’चा उल्लेख असेल, तर ‘अंतर्गत प्रांत’ हे शब्दशः भाषांतरही टाळावे. ते प्रांत राज्याच्या मध्यभागी नव्हते, सीमेवरच होते. ‘उत्तरेकडील सीमाप्रांत’ म्हटले, तर तेओदोरो दे क्रुआ या पहिल्या महासेनापतीकडे लष्करी आणि मुलकी असे दोन्ही अधिकार का सोपवले गेले, हेही वाचकाला उमगेल.